दारू न पिण्याचे पैसे देणारं ॲप, सोलापुरातला आमचा अनुभव (मोठं झालंय पण वाचा)

सोलापुरातल्या एका व्यसनमुक्ती केंद्राच्या बारा आठवड्यांच्या प्रोग्रॅमबद्दल लिहितेय, माझ्या दादासाठी घेतला होता. केंद्राचं नाव टाकत नाहीये, कारण तिथं बाकड्यावर नंबर लावून बसलेली निम्मी माणसं एकमेकांना ओळखणारी असतात, एकाच पेठेतली, यंत्रमागाच्या एकाच शेडमधली, आणि नाव आलं की मग कोण कोण जातं याची चर्चा सुरू होते. दादाला विचारून लिहितेय. तो म्हणाला लिही, कुणाच्या तरी कामाला येईल, फक्त माझं नाव नको.

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढं येईलच.

आधी हे आहे काय ते सांगते. दारू सोडायला आलेल्या माणसाला केंद्र एक छोटं फुंकायचं मशीन देतं, पोलीस गाडी अडवून फुंकायला लावतात ना, तसलंच पण खिशात मावणारं, ते ब्लूटूथनं मोबाईलला जोडलेलं असतं. दिवसातून तीन वेळा फोन वाजतो, वेळ ठरलेली नसते, वाजल्यापासून तीस मिनिटांत कॅमेऱ्यासमोर तोंड धरून मशीनमध्ये फुंकायचं. तिन्ही वेळा आकडा शून्य आला की तो दिवस कोरडा धरतात आणि लगेच, म्हणजे अक्षरशः तिसऱ्या फुंकेनंतर दोनेक मिनिटांत, ॲपमधल्या खात्यावर पैसे जमा होतात. पहिल्या कोरड्या दिवसाचे 20 रुपये, दुसऱ्याचे 25, तिसऱ्याचे 30, असं वाढत वाढत 100 पर्यंत जातं आणि तिथं थांबतं. आठवडा पूर्ण कोरडा गेला की वर 100 चा बोनस. एक दिवस जरी पिला किंवा चाचणी चुकवली तरी दुसऱ्या दिवशी परत 20 पासून. बारा आठवडे एकही दिवस न चुकता काढले तर बोनससकट 8,920 रुपये होतात, मी एक्सेलमध्ये मांडून बघितलेत.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या मामांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, दारू प्यायला पैसे लागत होते ते कळत होतं, आता न प्यायचेपण पैसे द्यायचे? लाड करालाय काय त्याचे? घरात दोन दिवस हाच विषय. पण मी ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवरच असते, डेटा एंट्रीचं काम, त्यामुळं सवयीनं शोधत बसले आणि कळलं की हे काय सोलापुरात कुणाच्या तरी डोक्यातनं निघालेलं खूळ नाहीये. अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स म्हणून संशोधक आहेत त्यांनी 1990 च्या आसपास कोकेनच्या रुग्णांवर हे करून बघितलं. आठवड्यातून तीनदा लघवी तपासायची, कोकेन सापडलं नाही की व्हाउचर. पहिलं अडीच डॉलरचं, मग दरवेळी सव्वा डॉलरनं वाढणारं, लागोपाठ तीन चाचण्या साफ आल्या की दहा डॉलर बोनस, आणि एक चुकली की परत अडीचवर. बारा आठवड्यांत जास्तीत जास्त साडेनऊशे ते हजार डॉलरपर्यंत मिळायचे, रोख नाही, वस्तूंच्या रूपात. आमच्या केंद्राचं गणित त्याच साच्यातलं आहे हे बघितल्यावर लगेच कळतं. कोकेन सोडवायला आजही कुठलं मान्यता मिळालेलं औषध नाही, त्यामुळं तिकडं या पद्धतीला फार महत्त्व आहे.

पैसे जास्त लागतात म्हणून मग कनेक्टिकट विद्यापीठाच्या नॅन्सी पेट्री यांनी लॉटरीसारखी पद्धत काढली. मोठं भांडं, त्यात पाचशे चिठ्ठ्या, चाचणी साफ आली की चिठ्ठी काढायची. निम्म्या चिठ्ठ्यांवर नुसती शाबासकी, बऱ्याच चिठ्ठ्यांवर एक डॉलरची वस्तू, थोड्यांवर वीस डॉलरची आणि एकाच चिठ्ठीवर शंभर डॉलरची. त्यांचा 2000 साली आलेला अभ्यास तर दारूच्याच रुग्णांवरचा, निवृत्त सैनिकांवरचा. नेहमीच्या उपचारात आठ आठवड्यांनंतर 22 टक्के लोक टिकले होते आणि चिठ्ठ्यावाल्या गटात 84 टक्के. हा आकडा मी मामांना वाचून दाखवला. व्यसनमुक्तीत माणूस यायचा बंद होणं हाच तर सगळ्यात मोठा प्रॉब्लेम असतो, आधी आम्ही दोन ठिकाणी दादाला घेऊन गेलो होतो, तिसऱ्या भेटीनंतर तो कधी गेलाच नाही, गेलो म्हणून सांगायचा आणि सात रस्ता चौकात बसून यायचा.

आईला मात्र लगेच पटलं, आणि तिचं कारण मला आत्तापर्यंत ऐकलेल्या सगळ्या कारणांत भारी वाटलं. आई बिडी वळते. म्हणाली, हजार बिडी झाल्या की मला मजुरी कळते, छाट, म्हणजे नापास बिड्या, किती निघाली ते त्याच दिवशी कळतं, म्हणून हात चालतो. उद्या कुणी म्हणालं वर्षभर वळ, वर्ष संपल्यावर देतो, तर कोण वळंल? दारू सोडल्याचा फायदा असाच लांबचा आहे की. लिव्हर चांगलं राहील, पोरीचं लग्न नीट होईल, हे सगळं पुढं दहा वर्षांनी. आणि क्वार्टरचा फायदा दहा मिनिटांत. त्या दहा मिनिटांच्या समोर आजच्या आज हातात येणारं काहीतरी पाहिजे, बास एवढीच सगळी आयडिया आहे.

आता कॉम्प्युटर का लागतो ते. मला सुरुवातीला वाटलं होतं हल्ली सगळ्यालाच ॲप काढतात म्हणून काढलं असेल. तसं नाहीये. कोकेन लघवीत दोन-तीन दिवस सापडतं म्हणून आठवड्यातून तीनदा बोलावून भागतं. दारूचं तसं नाही, लिव्हर ढोबळमानानं तासाला एक पेग उरकतं, रात्री पिलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी केंद्रात जाऊन फुंकला तर मशीन शून्य दाखवणार. लघवीत ईटीजी नावाची चाचणी करतात तिच्यात दोन-तीन दिवसांपर्यंतचं कळतं पण ती महाग पडते, रोज कोण करणार. म्हणजे श्वास तपासायचा तर दिवसातून अनेकदा तपासायला पाहिजे, आणि कधी तपासणार ते माणसाला आधी कळता कामा नये. एमआयडीसीत यंत्रमागावर काम करणारा माणूस दिवसातून तीनदा केंद्रात कसा जाईल? म्हणून फोन. अमेरिकेत 2013 मध्येच शीला अलेसी आणि पेट्री यांनी तीस जणांना मोबाईल आणि फुंकायचं मशीन देऊन चार आठवडे हे करून बघितलं होतं, फुंकतानाचा व्हिडिओ काढून पाठवायचा, दिवसातून एक ते तीनदा. तेव्हा बक्षीस मिळणाऱ्यांच्या साफ चाचण्या जास्त आल्या. आत्ताचं ॲप म्हणजे तेच, फक्त चेहरा कॉम्प्युटर ओळखतो.

आणि दुसरं म्हणजे हिशोब. वाढतं बक्षीस, बोनस, शून्यावर जाणं, परत वर येणं, हे सगळं पन्नास-साठ रुग्णांचं एखाद्या मॅडमनं वहीत ठेवायचं म्हटलं तर चुका होणारच, आणि इथं चूक म्हणजे माणसाचा विश्वास गेला. हक्काचे 65 रुपये 60 आले तर दारूवाला माणूस कारणच शोधत असतो. कॅलिफोर्नियात सरकारी आरोग्य योजनेतनं 2023 पासून असा प्रोग्रॅम चालू आहे, चोवीस आठवड्यांचा, वर्षाला 599 डॉलरची मर्यादा, तिथंपण चाचणीचा निकाल भरला की किती बक्षीस ते सॉफ्टवेअर ठरवतं आणि तेच देतं, समुपदेशकाच्या हातात पैशाचा व्यवहार ठेवलेला नाही. हे मला फार योग्य वाटलं. आमच्या इथं काउन्सेलर मॅडमना दादानं एकदा विचारलं, मॅडम आजचं देऊन टाका की, एक फुंक तर राहिली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, माझ्या हातात नाही, सिस्टीम देते. वाद तिथंच संपला. घरात आम्ही असतो तर अर्धा तास भांडण झालं असतं, आणि शेवटी दिले असते.

एक संध्याकाळ सांगते म्हणजे कळेल. पगाराचा दिवस. आमच्याकडं मागवाल्यांचा पगार आठवड्याला होतो आणि तीच रात्र घरात सगळ्यात वाईट असायची. मॅडमनी सिस्टीममध्ये पगाराच्या दिवशी एक चाचणी संध्याकाळी सहा ते नऊच्या मध्येच पडेल असं सेट करून ठेवलेलं. दादा आठच्या सुमाराला आला, केसात कापसाची पिंज, अंगावर तोच मळका शर्ट, चप्पल काढतोय तोवर खिशात फोन वाजला. दारातच बसला. मशीनची प्लास्टिकची नळी लावली, फोन पाण्याच्या पिंपाला टेकवून उभा केला आणि फुंकायला लागला, पाच-सहा सेकंद सलग फुंकावं लागतं, मध्ये थांबलं तर मशीन परत करायला लावतं. त्याची पोरगी बाजूला उभी राहून बोटं मोजत होती. स्क्रीनवर 0.00 आलं, खाली हिरवी पट्टी, '70 रुपये जमा'. पोरीनं मोठ्यानं वाचलं. दादा काही बोलला नाही, पगाराचं पाकीट काढून वहिनीच्या हातात दिलं आणि हातपाय धुवायला गेला. वहिनी पाकीट हातात धरून तशीच उभी. पगाराच्या रात्री पूर्ण पाकीट घरात आलं ही गोष्ट ज्यांच्या घरात दारू नाही त्यांना सांगून कळणार नाही.

सरळ रेषेत नाही झालं हे पण लिहायलाच पाहिजे. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत मित्रांबरोबर गेला आणि पिऊन आला. रात्री फोन वाजला, आम्हाला वाटलं आता फुंकणार नाही, पण त्यानं फुंकलं. 0.06. ॲपनं काय दाखवलं तर, 'आजचं बक्षीस नाही. उद्या 20 रुपयांपासून सुरू. उद्या सकाळी मॅडमचा फोन येईल.' एवढंच. लाल भडक काही नाही, भाषण नाही, 'तुम्ही नापास' नाही. त्या रात्री घरात आरडाओरडा झाला नाही यात त्या तीन ओळींचा मोठा वाटा आहे असं मी मानते, कारण आम्हीपण त्याच ओळी वाचल्या आणि गप्प बसलो.

त्याच्यापुढचा नियम मला या सगळ्या प्रोग्रॅममधला सगळ्यात शहाणपणाचा नियम वाटतो. 100 वर पोचलेला माणूस 20 वर आला की त्याला वाटतं गेलं सगळं, आता कशाला. पण लागोपाठ सात दिवस कोरडे काढले की आधी जिथं होता त्याच रकमेवर परत नेऊन बसवतात. हिगिन्सच्या मूळ पद्धतीतपण हे आहे, तिथं लागोपाठ पाच साफ चाचण्यांनंतर. दादा ते सात दिवस कॅलेंडरवर खुणा करत होता. सोडून देण्याचं कारण आणि परत येण्याचं कारण एकाच वेळी समोर ठेवलेलं असतं म्हणून माणूस थांबतो. कुठलंही केंद्र असं काही चालवत असेल तर हा नियम आहे का हे पहिलं विचारा.

बक्षीस रोख मिळत नाही, खात्यातनं बाहेर काढता येत नाही. केंद्रानं काही किराणा दुकानं, मेडिकल, एक स्टेशनरीचं दुकान जोडलेलं आहे तिथं क्यूआर दाखवून घ्यायचं, शिवाय मोबाईल रिचार्ज आणि लाईट बिल. पान टपरी नाही, बार तर नाहीच. हे बरोबर आहे, रोख दिलं तर काय होईल हे सगळ्यांना माहीत आहे. दादानं पहिली वस्तू घेतली ती पोरीची कंपासपेटी. नंतर आईच्या बीपीच्या गोळ्या त्याच खात्यातनं यायला लागल्या, आणि आई औषधाची पिशवी शेजारच्या काकूंना मुद्दाम दाखवायची, पोरानं आणलं म्हणून. रक्कम लहान आहे हो, 80-100 रुपयांनी कुणाचं घर चालत नाही, पण वर्षानुवर्षं ज्याच्याकडून फक्त पैसे जायचे त्याच्याकडून काहीतरी यायला लागलं. दुकानं मात्र अजून वाढवायला पाहिजेत, अशोक चौकाच्या पुढं, अक्कलकोट रोडच्या बाजूला कामगार वस्ती एवढी आहे आणि तिकडं फक्त एक किराणा.

आता तो कापलेला स्टार.

एक म्हणजे मागाचा आवाज. शेडमध्ये शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलायला ओरडावं लागतं, तिथं खिशातला फोन काय ऐकू येणार. तीस मिनिटं निघून जायची आणि चाचणी चुकली की सिस्टीमच्या दृष्टीनं पिलाच. नियम म्हणून हे बरोबर आहे, चुकवलेली चाचणी सोडून दिली तर जो पितो तो फोनच उचलणार नाही. पण न पिता 20 वर आलेला माणूस किती चिडतो ते आम्ही बघितलं. मॅडमना सांगितलं तेव्हा कळलं की कारण लिहून चाचणी माफ करायची सोय सिस्टीममध्ये आहे, कुणी माफ केली, का केली याची नोंदपण राहते. मग ही सोय पहिल्याच दिवशी का नाही सांगितली? सोलापुरात केंद्र चालवता आणि येणाऱ्यांमध्ये मागवाले किती असणार हे माहीत नाही असं कसं होईल. शेवटी व्हायब्रेट होणारा एक साधा हातातला पट्टा घेतला, तेव्हापासून चुकलं नाही. हा पट्टा खरं तर केंद्रानंच मशीनबरोबर द्यायला पाहिजे.

दुसरं, भाषा. ॲपमध्ये मराठी आहे पण कशी, तर 'आपली श्वास नमुना सबमिशन प्रलंबित आहे'. हे दादाला कळत नाही, मला दोनदा वाचावं लागतं. त्या बक्षीस नसल्याच्या तीन ओळी कुणीतरी नीट बसून लिहिल्यात, मग बाकीचं पण तसंच लिहा की. आणि या गावात घरात तेलुगू बोलणारे किती, कन्नड बोलणारे किती! दादाच्या शेजारच्या मागावरचे अण्णा आमच्याबरोबर चौकशीला आले होते, त्यांना मराठी बोलता येतं पण वाचायला जमत नाही, ॲप बघून परत गेले. बोलून सांगणारं ॲप करणं आता काय अवघड आहे, तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू, रेकॉर्ड करून टाका. अण्णांचं मला फार वाईट वाटतं, कारण ते स्वतःहून आले होते, आणि स्वतःहून येणारा माणूस दुसऱ्यांदा येईलच असं नसतं.

तिसरं, एकदा सर्व्हर बंद पडला. फुंकलं, शून्य आलं, पैसे आलेच नाहीत, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आले. इतर कुठल्या ॲपला हे चाललं असतं. इथं नाही चालत, कारण लगेच मिळणं हेच इथलं औषध आहे. फोन लावला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली येतील हो ताई, कुठं जातात. तिला कुणीतरी हे समजावून सांगायला पाहिजे होतं की 'येतील' हे उत्तर इथं चालत नाही.

बारीक गोष्ट पण उपयोगाची: माउथवॉश, काही खोकल्याची औषधं, हाताला लावायचं सॅनिटायझर यांच्यातपण अल्कोहोल असतं आणि तोंडात किंवा मशीनजवळ राहिलेल्या वाफेनं आकडा चढतो. तसं झालं तर पाण्यानं चूळ भरून पंधरा मिनिटं थांबायचं आणि परत फुंकायचं, ॲपमध्ये तसं बटण आहे. तोंडातलं असेल तर तेवढ्यात उतरतं, पोटातलं असेल तर उतरत नाही. आमच्या वहिनीनं खोकल्याच्या औषधाची बाटलीच बदलून आणली मेडिकलमधनं.

पैशाचं स्पष्ट लिहिते कारण सगळे तेच विचारतात. बारा आठवड्यांचे 15,000, त्यातच बक्षिसाचे पैसे धरलेले, मशीनचं डिपॉझिट 3,000 वेगळं, ते परत मिळालं. म्हणजे निम्म्याहून जास्त रक्कम कोरड्या दिवसांतनं परत येऊ शकते. फी घरच्यांनी भरायची असा त्यांचा आग्रह आहे आणि तो मला पटला. 2015 मध्ये अमेरिकेत सिगारेट सोडण्याच्या बाबतीत मोठा अभ्यास झाला होता, एका औषधांच्या दुकानांच्या साखळीतले कर्मचारी आणि त्यांच्या घरचे, मित्र मिळून अडीच हजारांवर लोक. ज्यांना नुसतं बक्षीस देऊ केलं त्यातले 90 टक्के तयार झाले, आणि ज्यांना आधी स्वतःचे पैसे डिपॉझिट ठेवा म्हणालं त्यातले जेमतेम 14 टक्के. स्वतःच्या खिशातनं भर म्हटलं असतं तर दादा पायरीपण चढला नसता. फक्त एक गोष्ट मला खटकली ती खटकलीच. जे दिवस कोरडे गेले नाहीत त्यांचे उरलेले पैसे कुठं जातात? म्हणाले गरीब रुग्णांसाठी वापरतो. चांगलं आहे, पण तसं पावतीवर लिहून द्या. रुग्ण पिला तर केंद्राचा फायदा, असं वाटायला जागाच राहायला नको. खरं तर हे सगळं सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला पाहिजे, अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांमध्ये 2011 पासून चालू आहे, तिथं बक्षीस म्हणून त्यांच्याच कॅन्टीनची कुपनं देतात. आपल्याकडं पण असं काही करता येणार नाही का? मागवाल्याला, बिडीवालीच्या घरात 15,000 एकरकमी काढणं सोपं नाही, आम्ही भिशी उचलली.

फोटो आणि माहितीचं. रोज तीनदा चेहऱ्याचा व्हिडिओ जातो म्हणजे साधी गोष्ट नाही. मी सही करायच्या आधी दोन प्रश्न विचारले, हे किती दिवस ठेवता आणि मालकाला, म्हणजे शेडच्या शेठला, कुणाला कधी देणार का. प्रोग्रॅम संपल्यावर नव्वद दिवसांत व्हिडिओ काढून टाकतो असं त्यांनी फॉर्मवर हातानं लिहून दिलं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाशी जोडलेले मानसिक आजारसुद्धा येतात आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे, हे माहीत असलेलं बरं, समोरच्याला आपण विचारतोय म्हटल्यावर तो नीट उत्तर देतो.

बारा आठवड्यांनंतर काय हा खरा प्रश्न, आणि बक्षीस बंद झालं की परिणाम ओसरतो अशी या पद्धतीवर टीकापण आहे. आमच्या इथं शेवटच्या तीन आठवड्यांत मॅडमनी फुंकण्याच्या बाहेरच्या गोष्टी वाढवल्या. ॲपमध्ये मॅडमना दिसतं की कुठल्या वारी, कुठल्या वेळी माणूस उशिरा फुंकतो, दादाचं रविवार दुपारचं सारखं उशिरा यायचं. त्यावरनं त्यांनी विचारलं रविवारी दुपारी काय करता, आणि उत्तर होतं काहीच नाही. आता रविवारी दुपारी तो अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्याच गटाच्या, मीटिंगला जातो, ती फुकट असते. हे सिस्टीमनं केलं नाही, मॅडमनी केलं, पण रविवारची दुपार सिस्टीममुळं दिसली. म्हणून जिथं नुसतं ॲप विकतात आणि बोलायला माणूस नाही अशा ठिकाणी पैसे घालवू नका. अमेरिकेत 'रीसेट' नावाचं व्यसनाच्या उपचाराचं ॲप होतं, 2017 मध्ये तिथल्या एफडीएची परवानगी मिळालेलं, त्याच्यातपण बक्षिसाचा भाग होता, आणि 2023 मध्ये त्याची कंपनीच दिवाळखोरीत गेली. ॲप आज आहे, उद्या नाही. माणूस पाहिजे.

दादा सध्या कोरडा आहे. मशीन परत केलंय. एक जुनं मशीन विकत घेऊ का म्हणून विचारत होता, पगाराच्या दिवशी पोरीसमोर फुंकायला. घ्यायचं ठरवलंय.

शेवटी जाणाऱ्यांसाठी थोडं. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू ॲप आणलं म्हणून घरच्या घरी एकदम बंद करू नका. हात थरथरणं, फिट येणं, भास होणं असं होऊ शकतं, जिवावर बेतू शकतं. दादाला आधी डॉक्टरांनी काही दिवस ॲडमिट करून औषधावर ठेवलं, मगच मशीन हातात दिलं, आणि असं न करता सरळ मशीन देणारं केंद्र असेल तर तिथनं उठून या. दारूची ओढ कमी करणारी गोळीपण चालू होती, बक्षीस त्याच्या जोडीला आहे, त्याच्याऐवजी नाही. मावा, तंबाखू खाणाऱ्यांसाठी हे फुंकायचं मशीन कामाचं नाही, सिगारेटवाल्यांसाठी कार्बन मोनॉक्साइडचं वेगळं मशीन असतं पण चघळायच्या तंबाखूत धूरच नाही तर त्याच्यात काय सापडणार, त्याला लघवीतलं कोटिनिन, म्हणजे तंबाखूतल्या निकोटिनची शरीरात उरणारी खूण, तपासावं लागतं आणि ते या केंद्रात अजून नाही. पैसे नसतील, कुठं जायचं कळत नसेल तर दारू आणि इतर नशेसाठी 14446 आणि तंबाखूसाठी 1800-112-356 हे सरकारी टोल फ्री नंबर आहेत. पुण्याला 1986 पासून मुक्तांगण आहे, ॲडमिट करायची वेळ आली तर इथनं बरेच जण तिकडं जातात. आमच्या केंद्रात पहिल्या भेटीला गेलात तर सकाळी लवकर जा, दुपारी मॅडम नसतात, आणि ज्याला सोडायची आहे त्याचाच फोन बरोबर न्या, अँड्रॉइड पाहिजे, साध्या बटणाच्या फोनवर हे चालत नाही.